मूल दूध-पाणी कमी पितंय, दवाखान्यात कधी न्यायचं? नागपूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल-मेच्या उन्हात आणि नंतर पावसाळ्यात हगवणीची साथ आली की पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. घाईत असाल तर फक्त पहिला प्रश्न वाचा. बाकीचे सवडीने वाचता येतील.

१. लेकरू काहीच पिऊन नाही राहिलं. विचार न करता दवाखाना गाठायचा, असं कधी समजायचं?

खालचं एक जरी लक्षण दिसलं तरी निघा. दिवस असो की रात्र, सकाळची वाट पाहू नका.

- अंगावर, बाटलीने किंवा चमच्याने काहीच घेत नाही, किंवा तोंडात घातलेलं गिळत नाही.
- पाजलेलं सगळं उलटून टाकतं, घोटभरही पोटात राहत नाही.
- हाक मारली, तळपाय चोळले तरी नीट जागं होत नाही, अंग ढिलं पडलंय, नजर लागत नाही.
- झटके आले.
- श्वास खूप जोरात चाललाय, बरगड्यांखाली खड्डे पडताहेत.
- उलटी हिरवी आहे, किंवा उलटीत अथवा शीमध्ये रक्त आहे.
- हातपाय गार पडलेत, कातडी राखाडी किंवा ठिपक्याठिपक्यांची दिसतेय.
- बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे आणि नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी पितंय (प्रश्न ५).

गाडी नसेल तर १०८ लावा, रुग्णवाहिका मोफत असते. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर वाटेत अंगावर पाजा किंवा ओआरएस चमच्याने देत राहा. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं.

२. पण रोज पोटात जायला किती हवं? आकडा सांगा.

निरोगी मुलाचा ढोबळ हिशोब वजनावर होतो. पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना किलोमागे ५० मिली. म्हणजे ८ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ८०० मिली, १२ किलोच्या मुलाला ११००, १५ किलोला १२५०. यात दूध, ताक, वरणाचं पाणी, पेज, टरबूज असं सगळं धरायचं. नुसतं पाणी मोजून ‘दिवसभरात दोनच ग्लास प्याला’ म्हणून घाबरणारे पालक दुपारचं ताक मोजायचं विसरलेले असतात.

हा आकडा निरोगी मुलाचा आणि सामान्य हवामानाचा आहे. ताप, जुलाब किंवा ४५ अंशांचं ऊन असेल तर गरज वाढते. आजारात मिलीच्या मागे लागण्यापेक्षा एक साधी तुलना करा: गेल्या २४ तासांत नेहमीच्या निम्म्याहून कमी गेलं का? गेलं असेल तर मूल वरवर बरं दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी निम्म्यापर्यंतही थांबायचं नाही.

३. डायपर घालतो. सू कमी झाली हे कळणार कसं?

हल्लीचे डायपर इतकं शोषतात की हाताला कोरडेच लागतात, त्यामुळे नुसतं चाचपून अंदाज चुकतो. आजारपणाच्या दिवसांत शक्य असेल तर सुती लंगोट बांधा. डायपरच हवा असेल तर आत पातळ सुती कापडाची घडी ठेवा, ओली झाली की लगेच कळते. आणखी पक्कं हवं असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा डायपर तोला, मग वापरलेला तोला. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली सू. किलोमागे तासाला निदान १ मिली सू व्हायला हवी. म्हणजे ८ किलोच्या बाळाचा डायपर ६ तासांत ५० ग्रॅमच्या आसपास तरी जड व्हावा. पातळ शी मिसळली असेल तर हे वजन कामाचं नाही, मग प्रश्न ४ मधल्या खुणा पाहा.

वर्षाच्या आतल्या बाळाला ६ तास सू झाली नाही, किंवा मोठ्या मुलाला जागेपणी ८ तास झाली नाही, तर डॉक्टरांशी त्याच वेळी बोला. कोणत्याही वयात १२ तास उलटले तर फोनाफोनी न करता सरळ रुग्णालयात न्या. गडद पिवळी, उग्र वासाची, थोडीथोडी सू ही त्याआधीची सूचना असते. सूचा हा नियम दोन ठिकाणी दगा देतो: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार (प्रश्न १४), आणि मधुमेह (प्रश्न १५).

४. तोंड, डोळे, टाळू, कातडी यांवरून अंगातलं पाणी कमी झालं हे घरी कसं ओळखायचं?

ओठांवर जाऊ नका. ताप असला, कूलरची हवा लागली किंवा मूल तोंडाने श्वास घेत असलं की ओठ सुकतातच. स्वच्छ बोट गालाच्या आतून आणि जिभेवरून फिरवा. तिथे चिकट किंवा कोरडं लागलं तर ते खरं.

डोळे खोल गेलेत का, हे आईला विचारा, कारण नेहमीचा चेहरा तिला माहीत असतो. मोबाइलमधला आठवडाभरापूर्वीचा फोटो शेजारी धरून पाहणं हाही चांगला उपाय आहे. टाळू पाहताना बाळ शांत असावं आणि बसतं किंवा उभं धरलेलं असावं. रडताना ती वर येते, आडवं असताना सपाट दिसते. खोल गेली असेल तर पाणी कमी आहे. टाळूवर तेल घातल्याने अंगातलं पाणी भरून येत नाही. शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली, घट्ट लागली तर तो वेगळा आणि गंभीर प्रकार आहे, तातडीने न्या.

कातडीची चाचणी पोटावर करायची, हातावर नाही. बेंबी आणि कुशीच्या मधोमध, अंगाच्या उभ्या रेषेत, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी उचला, एक सेकंद धरा, सोडा. लगेच बसली तर ठीक. सावकाश बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर परिस्थिती गंभीर आहे.

आणि वागणं. पाणी थोडं कमी झालेलं मूल चिडचिडं होतं, भांडं दिसलं की झडप घालून पितं. फार कमी झालेलं मूल गप्प होतं आणि पिणंच सोडतं. म्हणून दिवसभर किरकिर करणारं मूल संध्याकाळी ‘शांत झालं, झोपलं’ असं वाटलं तर आधी त्याला जागं करून पाहा. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प पडलेल्या मुलाची धास्ती जास्त घ्यायची.

रडताना आसवं नसणं हीसुद्धा खूण आहे, पण पहिल्या एक-दोन महिन्यांत बाळांना तशीही आसवं येत नाहीत.

५. बाळ पंधरा दिवसांचं आहे, नुसतं झोपून राहते, पाजायला उठवावं काय?

उठवावं. या वयात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हायला हवं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. दुपट्यातून बाहेर काढा, तळपाय आणि पाठ चोळा, लंगोट बदला, ओल्या कापडाने तोंड पुसा. एवढं करूनही लागोपाठ दोन वेळा पीत नसेल, ओढण्यात जोर नसेल, किंवा तोंड लावताच झोपत असेल तर रुग्णालयात न्या. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर पुष्कळदा ताप येतच नाही. पिणं सोडणं हीच पहिली आणि कधीकधी एकमेव खूण असते.

काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, अथवा ९५.९ च्या खाली, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच निघा. सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा सू व्हावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो. तो नंतरही पडत असेल तर दूध कमी जातंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, पण जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उतरणं किंवा दोन आठवड्यांत परत न भरणं तपासून घ्यायलाच हवं.

६. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, बाळ चार महिन्यांचं. सासूबाई म्हणतात दोन चमचे पाणी द्या. द्यावं का?

नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत तेवढं पुरतं. पाण्याने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, मग दूधही कमी येतं. जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच. घुटी, साखरपाणी, मध, ग्राइप वॉटर यांनाही हेच लागू. मध तर वर्षभर नकोच. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, पण थोडा वेळच पिईल. ते साहजिक आहे, मागेल तेव्हा पाजा. पाणी आईने प्यावं.

पावडरचं दूध देत असाल तर डब्यावर लिहिल्याएवढंच पाणी घाला. ‘उन्हाळा आहे’ म्हणून पातळ किंवा ‘वजन वाढत नाही’ म्हणून घट्ट, दोन्ही घातक.

७. जुलाब लागलेत. ओआरएस नेमकं किती आणि कसं द्यायचं?

पुडीचे दोन आकार मिळतात. साधारण २१ ग्रॅमची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी, ४ ग्रॅमच्या आसपासची छोटी २०० मिलीसाठी. पुडीवर लिहिलेलं वाचा आणि पूर्ण पुडी एकदाच घाला. सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे मोठ्या पुडीतलं थोडंथोडं अंदाजाने ग्लासात टाकणं. घट्ट झालं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, पातळ झालं तर उपयोग होत नाही. घरात लिटरभराची बाटली असतेच, तिने मोजा. पाणी उकळून गार केलेलं किंवा गाळलेलं, पिण्याचं. वरून साखर, दूध, रस काही मिसळू नका, मिसळल्यावर उकळू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालूच ठेवा. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवल्याने मूल आणखी खंगतं. सोबत झिंक: २ ते ६ महिने वयाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही गोष्टी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळतात. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका.

८. ओआरएस पाजलं की भडाभडा उलटी होते. मग काय पाजणार?

बहुतेक वेळा वाटीभर एकदम पाजल्याने असं होतं. तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि ताणलेलं पोट सगळं बाहेर फेकतं. उलटीनंतर १० मिनिटं थांबा. मग लहान चमच्याने ५ मिली, दर एक-दोन मिनिटांनी. कंटाळवाणं काम आहे, पण दोन मिनिटांना एक चमचा म्हटलं तरी तासात १५० मिली पोटात जातं. आई दमली की बाबांनी, आजीने चमचा हातात घ्यावा. चमचा थुंकत असेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आत हळूहळू सोडा.

असं करूनही दोन तासांत उलट्या कमी होत नसतील, किंवा जितकं जातं त्याहून जास्त बाहेर पडत असेल, तर रुग्णालय. उलटी थांबवण्याचं औषध डॉक्टर वजनावर ठरवून देतात; मागच्या वेळची उरलेली बाटली उघडू नका.

९. टेट्रापॅकमधलं ओआरएस, ग्लुकोज पावडर, शहाळं, संत्र्याचा रस, यांतलं काय चालतं?

फळांच्या चवीच्या गोड पेयांत साखर फार आणि मीठ कमी असतं. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. दुकानदाराने काहीही दिलं तरी वेष्टणावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहा. ग्लुकोज पावडरीत क्षार जवळपास नसतात, कोल्ड्रिंक आणि चहा तर नकोच.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी. सहा महिन्यांवरच्या मुलाला जोडीला चालेल, ओआरएसच्या जागी नाही. मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, अंबील उत्तम. संत्र्याचा रस जुलाब नसताना, तोही घरी काढलेला. गाडीवरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा या दिवसांत टाळाच, कारण तिथल्या पाण्या-बर्फाची खात्री नसते.

१०. रात्रीचे अकरा वाजले, घरात पुडी नाही. तोपर्यंत?

१ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, शिगोशीग नको, सुरीने सपाट करा. चव आसवांहून खारट लागली तर ओतून द्या आणि नव्याने करा. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे सकाळी पुडी आणा.

११. सलाईन लावली तर लवकर बरं वाटत नाही का?

मूल पिऊ शकत असेल तर नाही. तोंडाने दिलेलं ओआरएस तितकंच काम करतं, सुई टोचावी लागत नाही आणि सोबत मूल खात-पीत राहतं. मूल गुंगीत असेल, हातपाय गार असतील, सगळं उलटून पडत असेल, तेव्हा सलाईन जीव वाचवते आणि ती रुग्णालयातच, वजनावर हिशोब करून, लक्ष ठेवून लावली जाते. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून द्या’ असा आग्रह डॉक्टरांना करू नका. उलट, डॉक्टर भरती करा म्हणत असतील तर घासाघीस करू नका.

१२. भूक-तहान आहे, पण घोट घेतला की रडतं. तोंडात फोड आलेत.

हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या आजाराच्या साथीत हे नेहमी दिसतं. इथे दुखण्याचा इलाज केला की पिणं सुरू होतं. वजनावर पॅरासिटामॉल द्या (एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम), अर्ध्या तासाने गार दूध, ताक, दही, पातळ खीर पाजून पाहा. संत्रं, लिंबू, तिखट, गरम नको, ते झोंबतं. फोड आठवडाभरात जातात. सूवर लक्ष ठेवा (प्रश्न ३).

मूल लाळ गाळत असेल, स्वतःची थुंकीही गिळत नसेल, मान पुढे काढून बसत असेल, श्वासाला आवाज येत असेल, तर घशात डोकावू नका, आडवं झोपवू नका, बसवूनच लगेच रुग्णालयात न्या. तसंच, चांगलं खेळणारं मूल अचानक लाळ गाळू लागलं आणि पिईना झालं तर नाणं किंवा बटणासारखी बॅटरी गिळली असावी असं धरून चाला. बॅटरी दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. खेळणी आणि रिमोट तपासायचं काम घरच्या दुसऱ्या कोणाला सांगा, तुम्ही निघा.

१३. ताप उतरला, म्हटलं सुटलो. पण आता जास्तच मलूल आहे, पीत नाही.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास असं झालं तर डेंग्यूचा विचार आधी करा. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गार हातपाय, अस्वस्थपणा किंवा सुस्ती, सू कमी: त्याच तासाला न्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको.

१४. मुलीला सिकलसेल आहे. सू तर भरपूर आणि पांढरी होते, म्हणजे पाणी पुरतंय ना?

असं समजू नका. विदर्भात सिकलसेलची मुलं पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर. या आजारात मूत्रपिंडाला सू घट्ट करता येत नाही. अंगात पाणी कमी असलं तरी सू पातळच होत राहते आणि पाणी आणखी कमी होतं. त्यामुळे प्रश्न ३ मधला नियम इथे लावायचा नाही. किती पोटात गेलं ते मोजा, तोंडाचा ओलावा आणि वागणं पाहा. पाणी कमी झालं की लाल पेशी एकमेकींत अडकतात आणि हाडं-पोट दुखण्याचा झटका येतो. बाटली शाळेत सोबत हवी आणि वर्गात पाणी प्यायची, सूला जायची मुभा बाईंकडून मागून घ्या.

या मुलांना १०१ च्या पुढे ताप, न थांबणारं दुखणं, एकाएकी पांढरंफटक पडणं, डाव्या कुशीत पोट फुगणं, छातीत दुखणं, उलट्यांमुळे पाणी न टिकणं, यांपैकी काहीही असेल तर घरी वाट पाहू नका. सिकलसेलचं कार्ड सोबत घ्या.

१५. उलट प्रश्न आहे. मुलगा भरपूर पितो, रात्रीही सू करतो, तरी वाळून राहिला.

हा मधुमेह असू शकतो, तोही झपाट्याने बिघडणारा. वजन उतरणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, पोटदुखी, उलट्या, खोल-जोरकस श्वास, तोंडाला फळांसारखा वास: त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. उलट्या किंवा श्वासाचा त्रास असेल तर थेट रुग्णालय.

१६. बाळ गुटगुटीत आहे, कातडी लगेच बसते. मग काळजी नाही?

कातडीखाली चरबी जास्त असली की पाणी कमी असूनही चिमटी पटकन बसते. उलट फार कुपोषित मुलाची कातडी पाणी पुरेसं असूनही सावकाश बसते, डोळेही खोलच असतात. दोघांच्या बाबतीत ही चाचणी बाजूला ठेवून सू, पिण्याची ताकद आणि वागणं पाहा. फार कुपोषित मुलाला जुलाब लागले तर साधं ओआरएस घरी भराभर पाजू नका, रुग्णालयात वेगळ्या हिशोबाने पाजावं लागतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारावर उपचार चालू असलेल्या मुलाचंही प्रमाण त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

१७. दुपारी बाहेर होतं, आता अंग भट्टीसारखं तापलंय आणि बरळतंय.

उष्माघात समजा. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करा: सावली, कपडे काढा, साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा, पंखा जोरात, काखेत-मानेवर-जांघेत गार फडकी. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. कांदा चोळण्यात वेळ जातो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने काहीच देऊ नका.

१८. रात्री कुठे न्यायचं, आणि तिथे काय सांगायचं?

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि रेल्वे स्टेशनजवळचं मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), दोन्हींकडे तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो. वर्धा रोडच्या बाजूला राहत असाल तर मिहानमधलं एम्स आहे. खासगीत नेत असाल तर निघतानाच फोन करून विचारा की आत्ता मुलांचे डॉक्टर हजर आहेत का. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्यांनी मूल गुंगीत असेल तर नागपूर गाठायच्या नादात जवळचं सरकारी रुग्णालय ओलांडून येऊ नये. तिथे सलाईन सुरू करून मग पुढे आणणं सुरक्षित.

कागदावर लिहून न्या: शेवटचं वजन आणि कधी घेतलं, शेवटची सू किती वाजता, २४ तासांत काय आणि किती प्यायलं, उलट्या आणि शी किती वेळा, कोणतं औषध किती वाजता, ओआरएस किती पाण्यात केलं होतं. शेवटचा डायपर पिशवीत घालून आणा आणि औषधांच्या बाटल्याही. बाळ अंगावर पीत असेल तर आईने सोबत यावं.